हाडातलं खनिज वर्णपटात कसं दिसतं? (एफटीआयआर, रामन आणि जुनी हाडं)

गारगोटी

हाडांचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट कॅल्शियमवर येते. कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या चालू आहेत, दूध प्या. हाडात खनिज किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ते खनिज कसं आहे हा प्रश्नही तितकाच मोठा आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याचं उत्तर स्पेक्ट्रोस्कोपीतून, म्हणजे पदार्थावर प्रकाश टाकून त्याचा वर्णपट वाचण्यातून मिळतं. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी वर्णपट घेणाऱ्या) यंत्रावर काम करते. उत्खननातून आलेली हाडं हा त्यातला माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. म्हणून हा धागा.

आधी हाडाची घडण. वजनाने पाहिलं तर साधारण ६० ते ६५ टक्के खनिज, २० ते २५ टक्के सेंद्रिय भाग आणि उरलेलं पाणी. सेंद्रिय भागातलं सुमारे ९० टक्के कोलॅजेन हे प्रथिन. खनिज हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटच्या कुळातलं, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. पुस्तकात त्याचं सूत्र अगदी नीटनेटकं असतं, दर १० कॅल्शियमला ६ फॉस्फेट. खऱ्या हाडात मात्र फॉस्फेटच्या बऱ्याच जागा कार्बोनेटने बळकावलेल्या असतात (वजनाने साधारण ४ ते ८ टक्के), सोडियम आणि मॅग्नेशियम घुसलेलं असतं आणि सूत्रातला हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) तर जवळपास गायबच असतो. स्फटिकही अतिशय बारके, काही नॅनोमीटर जाडीचे चपटे पापुद्रे. हे सगळं शरीराच्या सोयीचंच आहे. हाड आयुष्यभर खोदलं आणि पुन्हा बांधलं जातं, रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्यातून काढून द्यावं लागतं. मोठा, निर्दोष स्फटिक असा सहजासहजी विरघळला नसता.

आता वर्णपट. इन्फ्रारेड किरण पदार्थातून गेले की रेणूंमधले बंध आपापल्या ठरलेल्या कंपनसंख्येला ऊर्जा शोषतात. त्या शोषणाची शिखरं आलेखावर दिसतात. हाडाच्या आलेखात १०३५ च्या आसपास फॉस्फेटचा मोठा डोंगर असतो (हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटीमीटरमागे किती लाटा, असे वाचायचे). ५६५ आणि ६०५ ला फॉस्फेटचीच एक जोडी. १४१५, १४५० आणि ८७३ च्या आसपास कार्बोनेट. १६५० च्या आसपास कोलॅजेनचा अमाइड पट्टा (प्रथिनातल्या बंधांचा). म्हणजे खनिज आणि प्रथिन दोघंही एकाच आलेखात, तेही एक-दोन मिलिग्रॅम भुकटीतून. मला या पद्धतीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं.

त्या ५६५-६०५ च्या जोडीकडे जरा थांबून बघा. स्फटिक बारीक आणि विस्कळीत असतील तर दोन शिखरं एकमेकांत मिसळतात आणि मधली दरी उथळ राहते. स्फटिक मोठे आणि सुबक झाले की दरी खोल जाते. दोन्ही शिखरांच्या उंचीची बेरीज भागिले दरीची उंची, हा झाला स्प्लिटिंग फॅक्टर. स्टीफन वाइनर आणि ओफर बार-योसेफ यांनी १९९० मध्ये तो पुरातत्त्वातल्या हाडांना लावला आणि तेव्हापासून तो सगळीकडे वापरात आहे. ताज्या हाडात तो अडीच-तीनच्या आसपास येतो, चांगल्याच तापलेल्या हाडात पाच-सहापर्यंत चढतो.

आणि इथेच माझं म्हणणं सुरू होतं. हा एकटा आकडा घेऊन निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. समजा ४ आला. हाड आगीत तापल्यामुळे आला असेल किंवा काही हजार वर्षं मातीत पडून पुन्हा स्फटिकीभवन झाल्यामुळेही आला असेल. आकड्यावरून ते कळत नाही. त्यासाठी आलेखाचा बाकीचा भाग वाचावा लागतो. अमाइड उरलाय का? कार्बोनेट किती घटलं? ६३० ला हायड्रॉक्सिलचा खांदा उगवलाय का? तो उगवला असेल तर हाड जोरदार तापलंय. ७१३ ला छोटं टोकदार शिखर आहे का? असेल तर हाडात बाहेरून कॅल्साइट, म्हणजे चुनखडी शिरलीय आणि मग १४१५ जवळचं सगळं कार्बोनेट हाडाचं धरता येत नाही. प्रबंधांमध्ये नुसते स्प्लिटिंग फॅक्टरचे तक्ते दिसतात, मूळ आलेख नसतात, तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

नमुना करण्याची पद्धत थोडक्यात सांगते. हाडाची एक-दोन मिलिग्रॅम भुकटी आणि साधारण २०० मिलिग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड अगेटच्या खलात एकत्र घोटायचं, साच्यात भरायचं आणि प्रेसखाली दाबायचं. नखाएवढी काचेसारखी चकती निघते. जून ते सप्टेंबर हे काम जिवावर येतं. ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, चकती दुधी होते आणि ३४०० ला पाण्याचा रुंद फुगवटा येतो. तो लांब आहे म्हणून चालतो. पण पाण्याचं दुसरं शिखर १६४० जवळ असतं, थेट कोलॅजेनच्या अमाइडवर. म्हणजे ओलसर चकतीत नसलेलं कोलॅजेन दिसू शकतं. त्यामुळे ब्रोमाइड ओव्हनमध्ये वाळवलेलं, खल-बत्ता कोमट आणि चकती निघाली की लगेच यंत्रात. पावसाळ्यात केलेल्या प्रत्येक संचासोबत मी कोऱ्या ब्रोमाइडची चकतीही मोजतेच.

प्रश्न विचारा. जमेल तशी उत्तरं देते.

---

निळाई

मस्त धागा, ताई. वाचतेय. रामन स्पेक्ट्रोस्कोपी शीर्षकात आहे पण लेखात नाही आली. ती आपल्या सी. व्ही. रामन यांचीच ना? ती वेगळी कशी?

---

गारगोटी

हो निळाई, त्यांचीच. २८ फेब्रुवारी १९२८, कोलकात्याची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, सोबत के. एस. कृष्णन. १९३० मध्ये नोबेल. म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो.

इन्फ्रारेडमध्ये काय शोषलं गेलं ते बघतात. रामनमध्ये एकाच रंगाचा प्रकाश टाकून विखुरलेल्या प्रकाशातला जो अगदी थोडा भाग रंग बदलून येतो तो मोजतात. किती बदलला यावरून बंध कळतो. हा भाग इतका क्षीण असतो की १९६० मध्ये लेसर आला त्यानंतरच हाडासारख्या अवघड पदार्थावर हे काम खऱ्या अर्थाने शक्य झालं.

हाडाच्या रामन आलेखात ९६० ला फॉस्फेटचं एक सुंदर, एकटं, टोकदार शिखर येतं. १०७० ला कार्बोनेट. १६६० च्या आसपास कोलॅजेन. ९६० ची उंची भागिले कोलॅजेनची उंची केलं की खनिज आणि प्रथिनाचं प्रमाण कळतं. ९६० चं शिखर जितकं अरुंद तितके स्फटिक सुबक. मोठा फायदा म्हणजे पाणी रामनमध्ये फार क्षीण दिसतं, त्यामुळे ओलं, ताजं हाड तसंच्या तसं मोजता येतं. भुकटी नको, चकती नको.

---

वेताळटेकडी

गारगोटी, लेख आवडला. रामनच्या कौतुकाला एक पुरवणी जोडतो. मातीतून आलेल्या हाडावर हिरवा लेसर टाकला की बहुतेक वेळा फक्त प्रतिदीप्ती (पदार्थाची स्वतःची चमक) दिसते, ९६० सुद्धा त्यात बुडून जातं. मातीतली ह्यूमिक आम्लं हाडात मुरलेली असतात. ७८५ नॅनोमीटरचा लेसर घेतला तर सुधारतं, १०६४ ने आणखी. लेसर बराच वेळ एकाच जागी धरून ठेवला तर पार्श्वभूमी हळूहळू विझते, पण गडद हाड असेल तर तेवढ्यात ते भाजतं. आणि मग पार्श्वभूमी वजा करायची वेळ येते तेव्हा वक्र कुठून कसा काढायचा हे माणूस ठरवतो. कार्बोनेटसारख्या छोट्या शिखराची उंची त्यावर चांगलीच हलते. हे सांगितल्याशिवाय १०७० चे आकडे कुणी देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

---

गारगोटी

शंभर टक्के. म्हणूनच उत्खननातल्या हाडांसाठी मी आधी एफटीआयआर करते आणि रामन नंतर. इन्फ्रारेडमध्येही आधाररेषा (शिखराची उंची जिथून मोजायची ती रेषा) कुठून कुठे ओढली हे लिहायलाच हवं. घोटण्याचंही तसंच आहे. एकच हाड कमी-जास्त घोटलं तर स्प्लिटिंग फॅक्टर बदलतो. २०११ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने यावर छान तोडगा दिला. एकच नमुना थोडा घोटायचा, मोजायचा, पुन्हा घोटायचा, पुन्हा मोजायचा आणि मुख्य शिखराच्या रुंदीसमोर स्प्लिटिंग फॅक्टर मांडायचा. मग दोन हाडांची तुलना दोन ठिपक्यांऐवजी दोन रेषांची होते. वेळखाऊ आहे, पण विश्वास ठेवावा असं उत्तर मिळतं.

---

सातपुडा

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, नागपुरात. आमच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "किती" आणि "कसं" हा फरक आम्हाला रोज भेटतो.

डेक्सा स्कॅन खनिजाची घनता देतो. टी-स्कोअर (निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होणं, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या. उपयुक्त चाचणी आहे, ती कुणी टाळू नका. पण फ्रॅक्चर घेऊन येणाऱ्या कितीतरी रुग्णांचा टी-स्कोअर उणे २.५ च्या वरच असतो. हाड मोडणं फक्त घनतेवर अवलंबून असतं तर असं झालं नसतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा फ्लोराइडच्या उपचारात मिळाला. फ्लोराइड दिलं की हाडाची घनता वाढते, म्हणून ते औषध म्हणून वापरून पाहिलं गेलं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीचे निकाल आले. रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रिया, ४ वर्षं. कण्याच्या मणक्यांची घनता तब्बल ३५ टक्क्यांनी वाढली. मणक्यांची फ्रॅक्चर मात्र लक्षणीय कमी झाली नाहीत आणि इतर हाडांची वाढली. स्कॅनवर उत्तम दिसणारं हाड प्रत्यक्षात कमकुवत होतं.

गारगोटी ताई, जिवंत रुग्णात स्पेक्ट्रोस्कोपी कुठवर आली आहे यावर लिहाल का?

---

गारगोटी

डॉक्टर, तुमच्या प्रतिसादाने धाग्याला वजन आलं. मनापासून आभार.

रुग्णांमधलं जुनं आणि भरवशाचं काम बायोप्सीवर झालंय. कमरेच्या हाडातून घेतलेल्या तुकड्याचा पातळ काप करून त्यावर एफटीआयआर इमेजिंग करतात, म्हणजे कापाच्या प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये अ‍ॅडेल बॉस्की यांनी यात आयुष्य घातलं. अशा नकाशात नवं बांधलेलं हाड आणि जुनं हाड वेगवेगळं दिसतं, कारण नव्यात खनिज कमी असतं आणि ते हळूहळू भरत जातं. ऑस्टिओमलेशियात (हाडं मऊ पडण्याच्या आजारात) कोलॅजेन विणून तयार असतं पण त्यात खनिज भरलेलं नसतं, तेही थेट दिसतं.

कातडीवरून मोजण्यासाठी २००५ मध्ये इंग्लंडच्या रदरफर्ड अ‍ॅपलटन प्रयोगशाळेत पावेल माटौसेक आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत काढली. लेसर एका बिंदूवर टाकायचा आणि प्रकाश काही मिलिमीटर बाजूला गोळा करायचा. बाजूला बाहेर पडणारा प्रकाश सरासरीने जास्त खोलवर भटकून आलेला असतो, त्यामुळे त्यात खालच्या हाडाचा वाटा जास्त असतो. नडगी किंवा बोट, जिथे हाड कातडीच्या जवळ आहे, तिथे हे जमतं. कण्याच्या मणक्यांपर्यंत किंवा खुब्याच्या मानेपर्यंत ते पोचत नाही आणि फ्रॅक्चरची खरी भीती तर खुब्यालाच. त्यामुळे रुग्णालयातली रोजची चाचणी म्हणून डेक्साच राहणार आहे. स्पेक्ट्रोस्कोपी सध्या संशोधनातच जास्त कामाची.

---

पैनगंगा

डॉक्टरांनी फ्लोराइडचा विषय काढला म्हणून लिहितोय. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि पन्नाशीच्या माणसांच्या मानेचे, कमरेचे सांधे धरलेले हे मी लहानपणापासून बघतोय. माझा मोठा काका मान वळवू शकत नाही, बोलावलं की सगळं अंग घेऊन वळतो. एक्सरे काढला तेव्हा सांगितलं, "हाडं तर भक्कम दिसतायत." ते ऐकून घरचे निर्धास्त झाले होते. हे फ्लोराइड हाडात नेमकं करतं काय? आणि तुमच्या यंत्रात ते दिसतं का?

---

गारगोटी

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

फ्लोराइडचा आयन (विद्युतभारित अणू) हायड्रॉक्सिलच्या जागेवर जाऊन बसतो, तिथे तो अगदी चपखल बसतो आणि स्फटिक जास्त सुबक, जास्त स्थिर होतो. म्हणूनच दाताच्या बाहेरच्या थराला अगदी थोडं फ्लोराइड उपयोगी पडतं. हाडात मात्र तेच जास्त झालं की विरघळायला कठीण खनिज साचत जातं, स्फटिक आणि कोलॅजेनचा मेळ बिघडतो, अस्थिबंधांच्या जागीही हाड धरू लागतं. त्यामुळे एक्सरेत हाड दाट आणि पांढरंशुभ्र दिसतं, पण ते ठिसूळ असतं. भारतात सांगाड्यावर होणारा हा परिणाम १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागातून शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी नोंदवला. म्हणजे हे आपल्याला खूप आधीपासून माहीत आहे.

यंत्रात दिसतं का, याचं सरळ उत्तर असं, की फ्लोराइडचं स्वतःचं असं शिखर मिळत नाही. त्याचा परिणाम दिसतो. रामनमधलं ९६० चं शिखर अरुंद होतं आणि थोडं वरच्या बाजूला सरकतं. शुद्ध फ्लोरअ‍ॅपेटाइटमध्ये ते ९६५ च्या आसपास असतं. पण इतकं सरकणं तापलेल्या किंवा जुन्या हाडाच्या बदलांशी सहज गल्लत होण्याजोगं आहे. फ्लोराइड नक्की किती आहे यासाठी हाड आम्लात विरघळवून फ्लोराइडच्या इलेक्ट्रोडनेच मोजावं लागतं.

जिवंत माणसासाठी यातलं काहीच लागत नाही. पाण्याची तपासणी पुरे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. गावातला प्रत्येक बोअर वेगळा तपासून घ्या, शेजारशेजारच्या दोन बोअरमध्येही मोठा फरक असू शकतो. मुलं कुठल्या बोअरचं पाणी पितात ते आधी बघा.

---

सातपुडा

पैनगंगा, काकांना एकदा अस्थिरोग विभागात नीट दाखवून घ्या. अशा रुग्णांत मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. पायात मुंग्या, चालताना तोल जाणं, असं काही सुरू झालं तर थांबू नका. आणि घनता जास्त आली म्हणून हाड चांगलं असं फ्लोरोसिसमध्ये कधीच धरू नका.

---

घोडनदी

पुरातत्त्वाकडे येऊ का? पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, घरांच्या जमिनीखाली पुरलेले कितीतरी सांगाडे मिळाले, कुंभात ठेवलेली लहान मुलं मिळाली. जवळपास तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं. अशा हाडांतल्या स्ट्रॉन्शियमसारख्या मूलद्रव्यांवरून आहार सांगतात. तुमचं यंत्र त्यात काय भर घालतं? आणि कोकणात अशी हाडं का मिळत नाहीत?

---

गारगोटी

कोकणाचं आधी सांगते. जांभ्याची आम्लधर्मी माती आणि तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस. अ‍ॅपेटाइट आम्लात विरघळतं. देशावरची काळी माती उलट अल्कधर्मी, चुनखडीचे खडे असलेली, तिथे खनिज टिकतं. पण टिकतं म्हणजे जसंच्या तसं राहतं असं नव्हे. भूजल हाडातून झिरपत राहतं, स्ट्रॉन्शियम आत येतं, कॅल्साइट भेगांत साचतं. तीन हजार वर्षांनी मोजलेलं स्ट्रॉन्शियम त्या माणसाने खाल्लेल्या बार्लीतलं किती आणि घोड नदीच्या पाण्यातून नंतर आलेलं किती?

एफटीआयआर इथे चाळणीसारखं वापरायचं. आधी सगळ्या हाडांचे आलेख घ्यायचे. ज्यात ७१३ ला कॅल्साइट नाही, कार्बोनेट ताज्या हाडाच्या जवळपास आहे आणि अमाइड टिकलाय, तीच हाडं समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) महागड्या चाचणीला किंवा डीएनएला पाठवायची. नमुना वाचतो, पैसे वाचतात आणि मुख्य म्हणजे खराब हाडावरून आहाराची गोष्ट रचली जात नाही.

आणखी एक. उत्खननात काळं हाड मिळालं की लगेच "जळालेलं" अशी नोंद होते. मातीतल्या मँगनीजनेही हाड काळंकुट्ट होतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, आलेखात मात्र फरक कळतो. दक्षिण आफ्रिकेच्या वंडरवर्क गुहेत १० लाख वर्षांपूर्वीच्या थरात आग होती, हे २०१२ मध्ये मांडलं गेलं तेव्हा पुराव्यात सूक्ष्मदर्शकाखालच्या एफटीआयआरने तपासलेली जळकी हाडं होती.

---

शेवंती

थोडं वेगळं विचारते, चालेल ना? गेल्या वर्षी बाबांच्या अस्थी सावडायला आम्ही बहिणीही गेलो होतो. काही तुकडे पांढरेशुभ्र होते, काही करडे, एखादा काळा. तेव्हापासून मनात आहे, असं का होतं? आणि त्यात त्यांचं काय उरलेलं असतं?

---

गारगोटी

शेवंती ताई, नक्की विचारा.

रंग उष्णतेचा असतो. साधारण ३०० ते ४०० अंशांना कोलॅजेन कोळसा होतं, हाड काळं पडतं. पुढे तो कोळसाही जळू लागतो, मग करडं. ६५०-७०० च्या वर आणि हवा मिळाली तर पांढरं. चितेत सगळीकडे सारखी उष्णता नसते, सारखी हवा नसते. जिथे मांसल भाग जास्त किंवा लाकूड नीट भिडलेलं नाही तिथे काळं उरतं.

पांढऱ्या तुकड्यात कोलॅजेन नाही, डीएनएही नाही. उरतं ते खनिज, आणि ते आता आधीपेक्षा कितीतरी सुबक स्फटिकांचं असतं. ६३० ला हायड्रॉक्सिल दिसू लागतो, बरंच कार्बोनेट निघून गेलेलं असतं. त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट मात्र त्यांच्याच शरीरातलं, त्यांनी आयुष्यभर खाल्ल्या-प्यायल्यातून बांधलेलं. स्ट्रॉन्शियमही त्यात घट्ट बंद झालेलं असतं, इतकं की प्राचीन दहनातल्या हाडांवरून ती माणसं कुठल्या भूभागात राहिली हे आज शोधता येतं.

---

खडूफळा

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र. प्रकल्पासाठी हेच करावंसं वाटतंय. माणसाचं हाड तर मिळणार नाही. काय करू? आमच्या कॉलेजात एफटीआयआर नाही.

---

गारगोटी

माणसाचं हाड नकोच, त्याला नैतिक समितीची परवानगी लागते. मटणाच्या दुकानातून बोकडाची नळी आण. मधला, जाड भिंतीचा भाग घे, टोकं नको. मांस आणि मज्जा कच्चीच खरवडून काढ. उकळू नकोस, उकळलं की कोलॅजेनचं जिलेटिन होऊन निसटायला लागतं. चरबी राहिली तर १७४० ला शिखर येईल, त्यावरून साफसफाई जमली का कळेल.

त्याचे चार भाग कर. एक तसाच. एक पांढऱ्या व्हिनेगरमध्ये काही दिवस ठेव, व्हिनेगर बदलत राहा, खनिज निघून जाईल आणि हाड वाकायला लागेल. एक कॉलेजच्या मफल फर्नेसमध्ये ४०० अंशांना आणि एक ८०० ला, दोन्ही सारखाच वेळ. फर्नेस धूर काढण्याच्या सोयीखाली असू दे, वास फार येतो. चकत्या करून मोजायला आयआयटी मुंबईचं सैफ (अद्ययावत यंत्रांची सामायिक सुविधा) बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने घेतं, तुझ्या मार्गदर्शकांच्या पत्रासह अर्ज कर. भुकटी एकाच बारकाव्याची ठेव आणि कोऱ्या ब्रोमाइडची चकतीही मोजून माग.

---

वेताळटेकडी

खडूफळा, आलेखाच्या चित्रावर समाधान मानू नकोस, आकड्यांची मूळ फाइल माग. आधाररेषा तुला स्वतःलाच ओढायची आहे. मी मदत करेन.

---

खडूफळा

खूप आभार दोघांचे! सरांशी सोमवारी बोलतो. ताई, व्हिनेगरमधल्या तुकड्यात फॉस्फेट पूर्ण गेलं की नाही हे १०३५ वरून बघू की ५६५-६०५ वरून?

---

गारगोटी

५६५-६०५ वरून बघ. १०३५ च्या आसपास कोलॅजेनचीही लहान शिखरं असतात, त्यामुळे तिथे थोडं काहीतरी उरलेलं दिसतच राहील. जोडी सपाट झाली की खनिज गेलं. आलेख आले की इथेच टाक, चारही एकाखाली एक, आणि ५०० ते ९०० चा भाग वेगळा मोठा करून.